शौर्य खरे, पण ते कोणाच्या चाकरीत?

राष्ट्राच्या नीतिमत्तेची परीक्षा त्याच्या राज्यघटनेतील उदात्त वचनांवरून करू नये. ती त्याच्या छावण्यांच्या कमानींवरून, युद्धनौकांच्या नाळेवर रंगवलेल्या अक्षरांवरून आणि कोवळ्या मुलांच्या हाती पडणाऱ्या वीरकथांवरून करावी, कारण वचने जगाला ऐकवण्यासाठी लिहिली जातात, नावे मात्र अंतःकरणात ज्याची पूजा चालू असते त्याचीच दिली जातात. हिटलरची राजवट मातीत मिळून अठ्ठावीस वर्षे उलटल्यावर, १९७३ साली, पश्चिम जर्मनीच्या लोकशाही शासनाने डॅन्यूबकाठच्या नॉयबुर्ग येथील आपल्या लढाऊ विमानदलाला एका वैमानिकाचे नाव सन्मानाने बहाल केले. त्या काळी जर्मन सैन्यात सर्वोच्च असलेले शौर्यपदक हिटलरकडून मिळवणारा तो पहिला सैनिक होता. लोकनियुक्त स्पॅनिश प्रजासत्ताकाचा गळा घोटण्यासाठी चोरवाटेने धाडलेल्या सैन्यात त्याने प्रथम नाव कमावले होते. आणि ज्या पहाटे सोव्हिएत भूमीवर विसाव्या शतकातील सर्वांत रक्तलांछित आक्रमण तुटून पडले, त्या पहाटे तो त्या आक्रमणाच्या अग्रभागी होता. हे सारे ठाऊक असताना ते नाव तीन दशकांहून अधिक काळ लोकशाहीच्या सैनिकांनी अभिमानाने मिरवले. व्हेर्नर म्योल्डर्स हे ते नाव. त्याची कारकीर्द आज आम्ही उकलून दाखवणार आहोत, कारण पराक्रमाच्या झगमगाटात सुसंस्कृत समाज आपली विवेकबुद्धी कशी गहाण टाकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

प्रथम त्याच्या पदरात जे पुण्य आहे ते घालू. शत्रूचे गुण नाकारून केलेल्या निंदेला काडीचे मोल नसते. १९१३ साली गेल्सेनकिर्शेन येथे एका शिक्षकाच्या घरी म्योल्डर्स जन्मला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच पहिल्या महायुद्धाने फ्रान्सच्या आर्गोन अरण्यात त्याचा पिता हिरावून घेतला. विधवा मातेच्या छायेत, कॅथलिक युवक संघटनेच्या कडक संस्कारांत तो वाढला. वैमानिक होण्यासाठी गेला तेव्हा वैद्यांनी त्याला उड्डाणास अपात्र ठरवले. गरगर फिरणाऱ्या यंत्रात त्याला भोवळ येई, ओकाऱ्या होत. निग्रहाने त्याने ती दुर्बलता जिंकली. हाताखालच्या वैमानिकांची तो इतकी काळजी घेई की, पंचविशीच्या या तरुणाला ते 'बाबा' म्हणू लागले. धर्मनिष्ठा त्याने कधी लपवली नाही. तो शूर होता, शिस्तप्रिय होता, साथीदारांशी प्रामाणिक होता. आम्ही हे सारे मान्य करतो, आणि मान्य करूनच विचारतो की, एवढे सद्गुण ज्याच्या ठायी एकवटले होते, त्याने ते कोणाच्या पायी वाहिले? दुर्जनांची सेवा दुर्जनांनी केली तर तिचा गवगवा करण्याचे कारण नाही. सज्जनांनी ती निमूटपणे केली म्हणूनच यमराज्य उभे राहिले.

त्या सेवेचा आरंभ स्पेनमध्ये झाला. १९३६ साली तेथील निर्वाचित प्रजासत्ताकाविरुद्ध जनरल फ्रँको आणि त्याचे साथीदार सेनाधिकारी बंड करून उठले. जर्मनीने एकीकडे लंडनच्या अहस्तक्षेप समितीत मानाने आसन घेतले आणि स्पेनच्या यादवीत कोणी हात घालू नये, असा उपदेश करणाऱ्यांच्या रांगेत आपला हात उंचावला. आणि दुसरीकडे नागरी वेशातील वैमानिक, पेट्यांत बांधलेली विमाने, तोफा आणि बाँब बंडखोरांच्या बंदरांत उतरवले. 'कोन्डोर लीजन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सैन्याचे अस्तित्वच बर्लिन नाकारत राहिले. जगाला फसवून, करार पायदळी तुडवून, दुसऱ्याच्या घराला लागलेल्या आगीत आपली शस्त्रे पारखून घेण्याचा तो उद्योग होता. स्पेनमध्ये आपल्या तरुण हवाईदलाची परीक्षा पाहता आली, हे हेर्मान गोरिंगने पुढे न्यूरेंबर्गच्या न्यायासनासमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केले. परीक्षा! आणि त्या परीक्षेची उत्तरपत्रिका म्हणजे जिवंत माणसे, बाजाराला आलेल्या बायका, गुरे हाकणारे शेतकरी आणि शाळेतली मुले. २६ एप्रिल १९३७ रोजी, बाजाराच्या दिवशी, बास्क लोकांच्या गेर्निका या प्राचीन नगरावर याच लीजनची आणि तिच्या इटालियन साथीदारांची विमाने तासन्‌तास बाँबवर्षाव करीत राहिली. शेकडो माणसे मेली, नगर जळून गेले. लीजनची विमाने धाडणारा तिचा प्रमुख कार्यवाह अधिकारी होता वोल्फ्राम फॉन रिश्टहोफेन, पहिल्या महायुद्धातील विख्यात 'लाल सरदारा'चा आप्त. ज्या कुळाच्या नावाने आकाशातील क्षात्रधर्माच्या कथा रंगवल्या गेल्या, त्याच कुळाने निःशस्त्र नगर आकाशातून जाळण्याचे शास्त्र युरोपला शिकवले.

म्योल्डर्सचे कैवारी येथे तत्परतेने उभे राहतात आणि तारीख दाखवतात: तो स्पेनला पोहोचला एप्रिल १९३८ मध्ये, गेर्निका जळून वर्ष झाल्यावर, तेव्हा त्याचे हात स्वच्छ आहेत! हा युक्तिवाद ऐकून आमचे रक्त तापते. गेर्निकाची राख साऱ्या जगाने पाहिल्यानंतर, पिकासोने पॅरिसच्या प्रदर्शनात तिचा आक्रोश भिंतभर रंगवल्यानंतर, त्याच लीजनच्या गणवेशात जो रुजू होतो, त्याचे अज्ञान कोणत्या तराजूत तोलायचे? तो पोहोचला त्याच्या पुढच्याच महिन्यात कास्तेयोन प्रांतातील बेनासाल, आल्बोकासेर, आरेस अशा लहान लहान गावांवर त्याच लीजनने आपल्या नव्या सूरमार बाँबफेकी विमानांचे प्रयोग केले. लढाऊ वैमानिकाचे मुख्य काम बाँब टाकणे नव्हे, हे खरे. तो आकाश मोकळे करून देतो. बाँब टाकणाऱ्याला कोणी हटकू नये, त्याने निर्वेधपणे यावे, नेम धरावा, जाळावे आणि सुखरूप परत जावे, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक असते. जुलै १९३८ पासून काही महिन्यांत म्योल्डर्सने प्रजासत्ताकाची चौदा विमाने पाडली. म्हणजे खालच्या गावांचे चौदा रखवालदार त्याने दूर केले. दरोडेखोरांसाठी पहाऱ्याची कुत्री मारणारा, आपण तिजोरीला हात लावला नाही म्हणून न्यायासनापुढे निर्दोष ठरत नाही.

स्पेनच्या त्या रणभूमीवर म्योल्डर्स आणि त्याच्या साथीदारांनी लढाऊ विमानांची एक नवी रचना सिद्ध केली. तीन विमानांच्या दाटीवाटीच्या कळपाऐवजी दोन-दोनांच्या जोड्या, एकाने मारावे, दुसऱ्याने त्याची पाठ राखावी, आणि अशा दोन जोड्यांनी पसरलेल्या पंजाच्या चार बोटांप्रमाणे उडावे. पुढे ब्रिटिशांसह साऱ्या जगाच्या हवाईदलांनी ती स्वीकारली. युद्धशास्त्राचे ग्रंथ या रचनेची मुक्तकंठाने वाखाणणी करतात. आम्हीही तिच्यातील बुद्धी नाकारत नाही. परंतु ज्या प्रयोगशाळेत ती बुद्धी तावून सुलाखून निघाली, त्या प्रयोगशाळेचे भाडे कोणी चुकते केले, हे त्या ग्रंथांच्या किती पानांवर लिहिलेले असते? ते स्पेनच्या प्रजेने चुकते केले. तिला त्यानंतर फ्रँकोच्या टाचेखाली साडेतीन दशके काढावी लागली.

मग महायुद्ध पेटले, आणि या कारकिर्दीला भरती आली. वॉर्सा बेचिराख झाले, रॉटरडॅमचा मध्यभाग जळाला, आणि पश्चिम आघाडीवर म्योल्डर्सचे आकडे वाढत गेले. मे १९४० मध्ये त्याला 'नाइट्स क्रॉस' मिळाला. लढाऊ वैमानिकांत तो पहिला. ५ जून १९४० रोजी रने पोमिए-लेरार्ग या फ्रेंच तरुणाने त्याला पाडले. म्योल्डर्स कैद झाला आणि फ्रान्स शरण गेल्यावर सन्मानाने सुटून परतला. त्याला पाडणारा तेवीस वर्षांचा पोमिए-लेरार्ग मात्र त्याच दिवशी, आपल्या मायभूमीचे आकाश राखताना, लढत लढत मेला. एकजण दुसऱ्याचा देश जिंकायला आला होता, दुसरा स्वतःचा देश वाचवायला उभा होता. वीरकथांच्या बाजारात आज यांपैकी कोणाचे नाव विकले जाते? आक्रमकाचे. रक्षकाचे नाव त्याच्या देशाबाहेर कोणाला ठाऊक नाही. आकड्यांच्या उपासनेचा याहून निर्लज्ज निकाल कोणता असू शकेल?

२२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर झेप घेतली. त्या दिवशी म्योल्डर्सचे दल सीमेवर होते, आणि तीन आठवड्यांत, १५ जुलैला, त्याने विमाने पाडण्याची शंभरी ओलांडली. स्पेन धरून एकशे पंधरा. तलवारी आणि हिरे जडवलेले पदक, कर्नलची पदवी, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी साऱ्या जर्मन लढाऊ विमानदलाचे निरीक्षकपद त्याच्या पायाशी आले. आता त्या जिंकलेल्या आकाशाखाली भूमीवर काय चालले होते ते पाहावे. जर्मन रणगाडे निर्वेध धावत होते, आणि त्यांच्या पाठोपाठ मारेकऱ्यांची पथके गावोगाव उतरत होती. सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस कीव्हजवळच्या बाबी यार येथील घळीत दोन दिवसांत तेहतीस हजारांहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष-बालके गोळ्या घालून मारली गेली. लेनिनग्राड उपासमारीने मारण्यासाठी वेढले गेले. सोव्हिएत युद्धकैद्यांना उघड्या माळावर, अन्नावाचून, लक्षावधींच्या संख्येने मरू दिले गेले. म्योल्डर्सने यातील एकाही माणसावर बंदूक रोखली नाही, असे त्याचे चाहते म्हणतील. आम्ही म्हणतो, बंदूक रोखणारे तेथवर पोहोचले ते त्याने मोकळ्या केलेल्या आकाशाच्या छत्राखाली. विमानाच्या काचेतून धरती स्वच्छ दिसते, माणसे दिसत नाहीत. न दिसणे म्हणजे निरपराध असणे नव्हे.

आणि ज्या राजवटीपायी त्याने सर्वस्व वाहिले, तिने त्याचा मोबदला कशा रीतीने दिला? नोव्हेंबर १९४१ मध्ये हवाईदलाच्या सामग्रीचा प्रमुख एर्न्स्ट उडेट याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. नव्या शस्त्राची चाचणी घेताना तो कामी आला, अशी थाप राजवटीने राष्ट्राला मारली आणि त्या थापेवर राष्ट्रीय अंत्यसंस्काराचा सोहळा उभारला. त्या सोहळ्यात मानाचा पहारा देण्यासाठी म्योल्डर्सला क्रायमियाहून बोलावणे आले. २२ नोव्हेंबरला, खराब हवेत, प्रवासी म्हणून येत असताना त्याचे विमान ब्रेस्लाऊ येथे कोसळले आणि तो मेला. एका खोट्या मृत्युलेखाला शोभा आणण्यासाठी निघालेला हा वीर वाटेतच संपला, आणि मग त्याच्याच चितेवर राजवटीने दुसरा सोहळा उभारला. त्याच्यामागून गेलेल्या हजारोंची कथा वेगळी नाही. मित्रराष्ट्रे आपल्या नामांकित वैमानिकांना ठरावीक काळानंतर आघाडीवरून परत बोलावून नव्यांना शिकवायला बसवीत. जर्मन वैमानिक बहुधा मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत उडत राहिला. म्हणूनच त्यांचे आकडे डोळे दिपवतात, आणि म्हणूनच १९४४ पर्यंत त्यांच्या जागी आलेली पोरे अपुऱ्या शिक्षणानिशी आकाशात ढकलली जाऊन पतंगासारखी जळाली. ज्या आकड्यांची आरती ओवाळली जाते, ते एका पिढीला भट्टीत घालणाऱ्या राजवटीचे हिशेब आहेत.

याहून विदारक आहे तो मृत्यूनंतरचा अध्याय. १९४२ च्या आरंभी जर्मनीत म्योल्डर्सच्या नावाचे एक पत्र गुप्तपणे फिरू लागले. त्यात तो आपल्या कॅथलिक श्रद्धेला अखेरपर्यंत जपणारा, राजवटीच्या अधर्माने व्यथित झालेला साधुपुरुष म्हणून बोलत होता. धर्मगुरूंनी ते वाचून दाखवले, भाविकांनी ते उतरवून घेतले, आणि पुढे कित्येक वर्षे म्योल्डर्स हा अंतःकरणाने हिटलरविरोधी होता, या समजुतीचा तो मोठा आधार ठरला. ते पत्र बनावट होते. सेफ्टन डेल्मरच्या हाताखालील ब्रिटिश प्रचारयंत्रणेने ते रचले होते आणि त्याने ते पुढे उघडपणे सांगितले. म्योल्डर्सने त्या राजवटीला प्रत्यक्ष कृतीने विरोध केल्याचा पुरावा जर्मन सैन्याच्याच इतिहास-संशोधकांना सापडला नाही. ज्याने कधी विरोध केला नाही त्याला विरोधक बनवण्यासाठी शत्रूच्या कचेरीत लिहिलेला कागद छातीशी कवटाळावा लागला, यावरून त्या समाजाला पश्चात्तापापेक्षा पांघरूण किती प्रिय होते हे ओळखावे. विरोध करणारे खरे जर्मन होते. शाळामास्तर होते, कामगार होते, म्युनिकच्या विद्यापीठात पत्रके टाकणारी सोफी आणि हान्स शोल ही भावंडे होती. त्यांनी शिरच्छेद पत्करला. त्यांच्या नावाची विनाशिका मात्र नौदलाने समुद्रात सोडली नाही. म्योल्डर्सच्या नावाची सोडली, आणि ती २००३ पर्यंत लोकशाहीच्या ध्वजाखाली फिरत राहिली.

दिरंगाईचा हिशेब तर संतापाने हात थरथरावेत असा आहे. एप्रिल १९९८ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की, कोन्डोर लीजनमध्ये लढलेल्यांचा सैन्याच्या वास्तूंना नावे देऊन यापुढे गौरव होऊ नये. ठराव झाला, कागदावर उतरला, आणि कागदावरच राहिला! लोकप्रतिनिधींच्या सर्वोच्च सभेचा निर्णय संरक्षण खात्याच्या कपाटात जवळजवळ सात वर्षे धूळ खात पडला, आणि त्या सात वर्षांत नॉयबुर्गचे वैमानिक तेच नाव मिरवीत राहिले. अखेर २००५ च्या जानेवारीत संरक्षणमंत्री पेटर श्ट्रुक यांनी ते नाव काढण्याचा हुकूम दिला. तेव्हा पश्चात्तापाचा हुंकार उमटण्याऐवजी निषेधाचा गदारोळ उठला; निवृत्त सेनाधिकारी सरसावले, परंपरेवर घाला पडला म्हणून ओरड झाली. गेर्निकातल्या मृतांसाठी यांपैकी किती जणांनी कधी एवढा आवाज चढवला होता? आणि हे प्रकरण येथेही संपले नाही. सैन्याच्या परंपरेविषयीच्या २०१८ च्या नियमांनी नाझीकालीन सैन्य ही आपली परंपरा नव्हे असे स्पष्ट बजावले असताना, २०२४ च्या जुलैत त्याच खात्यातून एक पुरवणी निघाली आणि त्या जुन्या सैन्यातील काही नामांकितांना युद्धोत्तर सेवेच्या नावाखाली आदर्शांच्या यादीत पुन्हा वाट मिळाली. टीकेचा भडिमार होताच ती महिन्याभरात मागे घ्यावी लागली. दार लावले तरी फटीतून शिरणारी ही उपासना आहे. तिच्यावर पहारा एक दिवसही उठवता येत नाही.

हे जर्मनांचे पाप, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून पान उलटू पाहणाऱ्या वाचकाला आम्ही येथेच थांबवतो. वि. ग. कानिटकरांनी 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' लिहून मराठी माणसाच्या हाती त्या राजवटीचे सारे रूप ठेवले, त्याला अर्धशतक होऊन गेले. आणि तरीही मुंबई-पुण्याच्या पदपथांवर हिटलरचे आत्मचरित्र खपते, तरुण ते व्यवस्थापनकौशल्याचे पुस्तक म्हणून वाचतात, आणि जर्मन वैमानिकांनी पाडलेल्या विमानांचे आकडे क्रिकेटच्या धावांप्रमाणे एकमेकांना ऐकवतात. कोणी किती पाडली हे तोंडपाठ. कोणासाठी पाडली हे विचारायचेच नाही! ज्या मातीत निःशस्त्रांवर गोळ्या झाडणाऱ्या परकीय सत्तेचा धिक्कार करायला मुले शिकली, त्याच मातीत निःशस्त्रांच्या मारेकऱ्यांचा पहारेकरी आदर्श ठरावा, ही आमच्या शिक्षणाची केवढी नामुष्की!

आणि आदर्शांचा दुष्काळ कधी होता? म्योल्डर्स स्पेनच्या आकाशात आपले आकडे वाढवीत होता, त्याच १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईच्या बंदरातून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाखाली भाजून निघणाऱ्या चीनकडे निघाले. त्याचे प्रमुख डॉ. अटल स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा करून आलेले होते. त्यांच्या सोबत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. उत्तर चीनच्या डोंगरांत, औषधांच्या टंचाईत, आक्रमकांच्या वेढ्यात कोटणीस जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तेथेच मेले. बाँबखाली सापडलेल्यांकडे जो धावला तो आमचा आहे. बाँब टाकणाऱ्यांची वाट ज्याने मोकळी केली तो नव्हे. व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर चित्रपट काढला, टाळ्या पडल्या, आणि त्यानंतर सोलापूरबाहेरच्या किती शाळांत त्यांचे नाव वर्षातून एकदा तरी घेतले जाते? ज्या घरात कोटणीस विसरले जातात त्या घरात म्योल्डर्सची तसबीर लागणारच.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रकाशकांनी युद्धकथा जरूर छापाव्यात. पण वैमानिकाच्या आकड्याशेजारी त्या आकड्याने ज्यांचे रक्षक हिरावले त्या गावांची नावे छापावीत. शिक्षकांनी रणनीतीची चार बोटे शिकवावीत, आणि त्याच तासाला गेर्निका शिकवावी. आईबापांनी मुलाच्या हाती वीरचरित्र देताना त्याला एकच प्रश्न विचारायला शिकवावे, की हा पराक्रम कोणाच्या आज्ञेने झाला आणि कोणाच्या घरावर कोसळला. हा प्रश्न विचारणारी पोरे जर्मनीत पुरेशी निपजली असती, तर म्योल्डर्ससारखे बुद्धिमान, श्रद्धाळू, निग्रही तरुण एका नरपशूच्या हातचे शस्त्र झाले नसते. शौर्य स्वतः कधीच पवित्र नसते. ज्या कार्यासाठी ते खर्ची पडते त्या कार्याचे पावित्र्य किंवा पाप त्याला लागते. हे सांगायला जो समाज कचरतो, त्याने आपल्या मुलांच्या हाती शस्त्र देऊ नये.